एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील, काहीजणी रेडिओचा आवाज वाढवतील. विषय आहे गाडीवरून फिरायला जाण्याचा. गाडी म्हणजे आपली टू-व्हीलर. आठवडाभर ती मसाल्याच्या पिशव्या वाहते, पापडाचे डबे वाहते, पोरांना शाळेत सोडते. तिच्यावरून एखाद्या दिवशी बिनकामाचं जायचं. कुणाला सोडायला नाही, आणायला नाही, नवस फेडायलाही नाही. नुसता रस्ता बघायला.

गटाच्या बैठकीत हे बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पण जायचं कुठं? सिंहगड झाला, खडकवासला झाला. रविवारी तिथं जत्राच असते." खरं आहे. पण पुण्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला वळणावळणाचे, शांत, शेतांमधून जाणारे रस्ते इतके आहेत की वर्षभर दर महिन्याला नवा धरला तरी पुरावेत. ते सापडत नाहीत, कारण आपण ठिकाणाचं नाव सांगून रस्ता विचारतो. फोनही मग सगळ्यात लवकर पोचवणारा रस्ता दाखवतो, आणि तो बहुतेक वेळा हायवेच निघतो. आम्ही उलटं करतो. ठिकाण शोधत नाही, नदी शोधतो.

आपल्या जिल्ह्याची घडण डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग. तिच्यापासून पूर्वेकडे डोंगरांच्या सोंडा निघाल्या आहेत, हाताची बोटं पसरावीत तशा. बोटांच्या मधल्या जागांतून नद्या वाहतात. उत्तरेकडून मोजत आलं तर इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, मग शिवगंगा, गुंजवणी, नीरा. सासवडच्या अंगाला कऱ्हा. प्रत्येक नदीचं आपलं खोरं. शाळेत आपण बारा मावळ पाठ केले ते हेच. पवन मावळ, मुठे खोरे, मोसे खोरे, कानद खोरे, गुंजण मावळ, हिरडस मावळ. तेव्हा ती नुसती नावं वाटायची. गाडीवरून गेलं की कळतं, प्रत्येक नावामागे एक नदी आहे.

आता मुद्दा असा. नदीच्या काठाकाठाने जाणारा रस्ता साधारण सपाट असतो. पण एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर मधली सोंड ओलांडावी लागते, आणि सोंड वळणांशिवाय ओलांडता येत नाही. हिशेब सोपा आहे. समजा खिंड पायथ्यापासून २०० मीटर उंच आहे. रस्त्याला दर २० मीटरला १ मीटर एवढाच चढ ठेवायचा ठरवला, तर रस्ता ४ किलोमीटर लांब हवा. डोंगराची एक बाजू काही सरळ रेषेत ४ किलोमीटर नसते. मग तेवढी लांबी बसवायला रस्ता डावीकडे जातो, वळतो, उजवीकडे जातो, पुन्हा वळतो. दवाखान्यात स्ट्रेचर वर न्यायला जिन्याशेजारी दुमडलेला उतार असतो ना, तसाच हा मोठा उतार. आणि जिना तर आपल्या डोंगरांत आधीपासूनच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, कडक थरांचे कडे झाले, मऊ थरांच्या सपाट्या झाल्या. या दगडाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

हायवे बांधणाऱ्यांना वळणं नको असतात, ते बोगदा पाडतात. कात्रजला नवा बोगदा झाला, खंबाटकीला झाला. म्हणून जिथं नवा बोगदा, तिथं आसपास जुना घाट आहे का हे पाहायचं.

फोनवर हे कसं शोधायचं? नकाशा उघडा आणि त्यात 'टेरेन' नावाचा पर्याय निवडा. डोंगरांच्या सावल्या दिसायला लागतात. दोन नद्या निळ्या रेषांनी दिसतात. आता एका निळ्या रेषेकडून दुसरीकडे जाणारी बारीक पांढरी रेषा शोधा. मध्येच ती शेवयांसारखी गुंडाळलेली दिसली तर तिथं घाट आहे. मग उपग्रहाचं चित्र लावून रस्ता डांबरी आहे की मातीचा, ते मोठं करून बघा. काळी पट्टी सलग दिसली तर डांबर. लाल रेषा दिसली आणि मध्येच पुसट झाली, तर तो नाद सोडा.

याच्यापुढची परीक्षा फोन देऊ शकत नाही. त्या रस्त्यावरून एसटी जाते का? आमच्या मते हा सगळ्यात भरवशाचा प्रश्न आहे. एसटी जाते म्हणजे रस्ता पुरेसा रुंद आहे, रोज वापरात आहे, वाटेत थांब्यावर माणसं असतात आणि दरड पडली तर स्टँडवर खबर असते. स्वारगेटच्या, सासवडच्या, भोरच्या चौकशी खिडकीत विचारा. किंवा सरळ एखाद्या कंडक्टरदादांना विचारा, "पाब्याच्या घाटातनं गाडी चालू आहे का?" पाच वाक्यांत सगळा रस्ता सांगतात, खड्ड्यांसकट. रस्त्यावर गेल्यावर मैलाचे दगड बघायची सवय लावा. पिवळ्या डोक्याचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्ग, भगव्या डोक्याचा ग्रामीण रस्ता. आम्हाला हिरवा आणि भगवा आवडतो.

आता प्रत्यक्ष फेऱ्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आम्ही नेहमी एकच सांगतो, कात्रज ते सिंहगड. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयावरून पुढे भिलारेवाडी सोडली की जुना घाट लागतो. हायवे नव्या बोगद्याकडे वळल्यामुळे इथं गर्दी बेताची असते. वर जुना बोगदा आहे. तो ओलांडला की आपण मुठेच्या खोऱ्यातून शिवगंगेच्या खोऱ्यात उतरतो. शिंदेवाडीला हायवे भेटतो, तो खेड शिवापूरपर्यंत सोसायचा आणि उजवीकडे कोंढणपूरची वाट धरायची. कोंढणपूरला तुकाईचं देऊळ आहे. पुढे सिंहगडाच्या मागच्या अंगाने रस्ता चढतो आणि गडाच्या घाटरस्त्याला मिळतो. वनखात्याचा नाका आहे, पावती फाडावी लागते. गडावर न चढता तसंच डोणज्याला उतरलं की पुन्हा मुठेच्या खोऱ्यात, समोर खडकवासल्याचं पाणी. सोंड दोनदा ओलांडली, आणि सकाळी साडेसहाला निघालेली बाई साडेदहाच्या आत घरी. पुण्यात वाढलेल्या कितीतरी जणींना सिंहगडाला मागून रस्ता आहे हेच माहीत नसतं.

दुसरी फेरी कऱ्हेच्या खोऱ्यातली. कोंढव्यावरून बोपदेव घाट, भिवरी, सासवड. दिवे घाटही सासवडलाच नेतो. ज्ञानोबा माउलींची पालखी चढते तो घाट, खाली वडकीला मस्तानी तलाव. पण तिथं ट्रकांची वर्दळ फार, म्हणून आमची पसंती बोपदेवला. सासवडला संगमेश्वराच्या देवळात थोडं टेकायचं. मग नारायणपूर, डाव्या हाताला ढगात डोकं घातलेला पुरंदर, मग घाट उतरून केतकावळ्याचा बालाजी आणि कापूरहोळला हायवे. पुरंदर किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर जायचं असेल तर ओळखपत्र जवळ ठेवा. या वाटेवर हंगामात अंजीर आणि सीताफळ विकायला बसलेल्या बायका भेटतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. भाव करताना समोरची बाईही आपल्यासारखीच दिवसाचा हिशेब वहीत मांडते, एवढं लक्षात ठेवा.

तिसरी फेरी आमच्या सगळ्यांत आवडीची, आणि हिचं नाव घेतलं की बैठकीत अजून कुणीतरी विचारतंच, "हा कुठला घाट?" पाबे घाट. सिंहगड रस्त्याने खडकवासला, डोणजे फाटा, पानशेतच्या वाटेवर खानापूर. तिथून डावीकडे वळलं की हॉटेलं संपतात. भाताची खाचरं, करवंदीच्या जाळ्या, एखादी म्हैस घेऊन निघालेली आजी. रस्ता चढत खिंडीत येतो. मागे वळून पाहिलं तर सिंहगडाची रांग, आणि पुढे एकाच नजरेत तोरणा आणि राजगड. शिवाजी महाराजांनी पंचवीसेक वर्षं जिथून राज्य चालवलं तो राजगड पुण्याच्या इतका जवळ असावा, हे त्या खिंडीत उभं राहिल्यावरच पटतं. खाली कानद खोरं. वेल्हे गाव त्याच खोऱ्यात आहे, आणि वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. वेल्ह्यावरून विंझर, मार्गासनी करत नसरापूर, तिथलं झाडीतलं बनेश्वराचं देऊळ, मग हायवे आणि कात्रजचा जुना घाट. सगळी फेरी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास जाते. जेवून परत यायला दुपार होते.

पश्चिमेकडच्या मैत्रिणींना, म्हणजे कोथरूड, बावधन, हिंजवडीकडच्यांना, पौड जवळ पडेल. पौडवरून कोळवण, हाडशी, मग तिकोना किल्ल्याच्या पायथ्याने पवना धरण. मुळेच्या खोऱ्यातून पवन मावळात. परतताना पवनानगर, कामशेत आणि जुना मुंबई रस्ता. एक्स्प्रेस-वेवर दुचाकीला बंदी आहे, हे फोनमधल्या नकाशाला सांगावं लागतं, नाहीतर तो खुशाल तिकडे पाठवतो.

ताम्हिणीबद्दल सगळे विचारतात. ताम्हिणी देखणा आहे, वाद नाही. पण जुलै-ऑगस्टच्या रविवारी तिथं धबधब्यापेक्षा गाड्यांचा आवाज मोठा असतो. पुण्यात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं पाच हजारांच्या वर. धुकं उतरलं की दहा हातांवरचं दिसत नाही. दसऱ्यानंतर, आठवड्याच्या मधल्या वारी जा. भोरहून महाडला उतरणाऱ्या वरंध घाटाचंही तेच. पावसात तो बऱ्याचदा वाहतुकीला बंद केला जातो, तेव्हा आधी चौकशी करा.

रस्ते झाले. आता घरचं.

२०२४ च्या ऑक्टोबरात बोपदेव घाटात एका मुलीवर अत्याचार झाला. सगळ्यांनी ती बातमी वाचली. त्यानंतर आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत पहिली गोष्ट झाली ती म्हणजे मुलीच्या गाडीची किल्ली कपाटात गेली. दोष घाटाचा नव्हता, वेळेचा नव्हता, मुलीचा तर नव्हताच. दोष करणाऱ्यांचा होता. पण शिक्षा म्हणून घरी बसल्या त्या दुसऱ्याच मुली, ज्यांचा त्या घटनेशी काही संबंधही नव्हता. आम्ही तो घाट आमच्या फेऱ्यांतून काढलेला नाही. तो सोडला तर उद्या पाबे सोडावा लागेल, परवा कात्रज, आणि शेवटी आपल्या वाट्याला भाजी मंडई ते घर एवढाच रस्ता राहील.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. कमीत कमी तीन गाड्या. सकाळी निघायचं, कारण त्या वेळी या रस्त्यांवर दुधाचे टेम्पो, शाळेची पोरं, शेतावर निघालेली माणसं असतात. दुपारी दोनच्या सुमाराला परत. खिंडींत फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवायचा. घरी कुणाकडे तरी, आणि गटातल्या न येणाऱ्या एका मैत्रिणीकडे, कुठल्या वाटेने जाणार आणि कुठं किती वाजता पोचणार हे कागदावर लिहून द्यायचं. ११२ हा पोलिसांचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक सगळ्यांना पाठ हवा. कुणी मागे लागलंय असं वाटलं तर निर्जन जागी थांबायचं नाही, पुढच्या गावातल्या डेअरीवर, दुकानावर, अंगणात बाई दिसेल त्या घरापाशी थांबायचं.

आणि ज्या गोष्टीमुळे निम्म्या बायका येतच नाहीत, ती म्हणजे बाथरूम. पाणी न पिता गाडी चालवायची हा त्यावरचा उपाय नव्हे, त्याने उन्हात चक्कर येते. आम्ही फेरीच देवळं, एसटी स्टँड आणि पेट्रोल पंप धरून आखतो. पंपावर हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह फुकट मिळालं पाहिजे असा नियम आहे. पेट्रोल टाकलंच पाहिजे असं नाही. कुलूप असेल तर किल्ली मागा. लाजू नका.

गाडीचं थोडं. १९७२ साली लुना आली आणि पुण्यातल्या बायका मोठ्या संख्येनं गाडी चालवायला लागल्या. पुढे कायनेटिक होंडानं किक आणि गिअर दोन्ही सोडवले. गिअर नसणं चढावर सुखाचं, पण उतारावर त्याची किंमत असते. गिअरच्या गाडीला खालचा गिअर टाकला की इंजिनच तिला आवरून धरतं. स्कूटरला तो आवर कमी मिळतो, सगळा भार ब्रेकवर येतो. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि तापला की धरत नाही. म्हणून दाबा, सोडा, दाबा, सोडा. दोन्ही ब्रेक वापरा. जळका वास आला किंवा ब्रेकची दांडी नेहमीपेक्षा आत जायला लागली, तर मोकळ्या जागी थांबून दहा मिनिटं डोंगर बघा. गरम ब्रेकवर पाणी ओतू नका. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे लोक दिसतात, त्यांचं बघून तसं करू नका.

वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात नाही. पलीकडचं दिसत नसेल तिथं हॉर्न, आणि आपली डावी बाजू सोडायची नाही. चिंचोळ्या जागी समोरून चढती गाडी आली तर उतरणाऱ्यानं थांबायचं, असा नियमच आहे. जुलैत भातलावणीच्या दिवसांत चिखलणी करून रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल पडलेला असतो, तो बर्फासारखा घसरतो. उन्हाळ्यात वळणाच्या आतल्या बाजूला बारीक खडी जमते. दोन्ही ठिकाणी एकदम ब्रेक मारू नका. ओढणी, पदर, स्कार्फचं टोक आत खोचा. मागे बसणारीलाही हेल्मेट हवं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर कंपनी सांगते त्याच्या निम्मंच अंतर धरून फेरी ठरवा, चढ चार्जिंग खातो.

आता हंगाम. पाऊस उघडल्यानंतर, दसरा ते संक्रांत हे दिवस सर्वांत चांगले. रस्ता कोरडा असतो, गवत आधी हिरवं आणि मग सोनेरी होत जातं, ऊन सोसवतं. याच काळात भात कापून, झोडून झालेला असतो आणि वेल्हे, मुळशी, मावळातल्या गिरण्यांत नवा तांदूळ मिळतो. मुळशीकडे आंबेमोहोर, मावळात इंद्रायणी. गावातल्या बचत गटाकडून घेतला तर दोन्हीकडच्या वह्यांत जमा दिसतं. पाच-दहा किलोची पिशवी पायाशी ठेवता येते, पण तिच्यामुळे पाय नीट टेकत नाहीत आणि उतारावर वजन पुढे येतं. तेव्हा तांदूळ घ्यायचा असेल तर पाब्याची फेरी खानापूरकडूनच सुरू करा. म्हणजे मोठा घाट रिकाम्या गाडीनं होतो, आणि तांदूळ घेऊन उतरायला कात्रज तेवढा राहतो.